निषिद्ध अरण्यावरची विज्ञानकादंबरी कशी रचावी: पहिल्या नियमापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत

बंद केलेला प्रदेश, आत जाणारी छोटी तुकडी आणि आत काहीतरी भलतंच. या बीजावर लिहायला घेतलेल्या कादंबऱ्या बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या प्रकरणापाशी अडकतात. सुरुवात दमदार असते. कुंपण ओलांडलं जातं, पहिली विचित्र गोष्ट दिसते, मग दुसरी, मग तिसरी. चौथी कोणती, हे मात्र लेखकाला सुचत नाही. मग धुकं वाढतं, स्वप्नं पडू लागतात, एखादा प्राणी अंगावर धावून येतो आणि शेवटी कुणीतरी शास्त्रज्ञ दोन पानांचं भाषण करून सगळं उलगडून टाकतो.

कल्पनाशक्ती कमी पडते म्हणून हे होत नाही. कामाचा क्रम चुकलेला असतो. वातावरण आधी लिहिलं जातं आणि कारण मागाहून शोधलं जातं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले सात टप्पे संपेपर्यंत पहिलं प्रकरण लिहायला बसू नका, कितीही हात शिवशिवले तरी.

तयारी

तीन गोष्टी जवळ ठेवा. एक वेगळी वही, जी वाचकाला कधीच दिसणार नाही. प्रदेशाबद्दलचं सगळं खरं तिच्यात जाईल. नकाशासाठी मोठा कागद. आणि मोहिमेच्या दिवसांचा तक्ता, त्यात प्रत्येक दिवसाला एक ओळ. संगणकावर लिहीत असलात तरी नकाशा हातानेच काढा. अंतरं हाताने आखली की लक्षात राहतात, आणि पुढे तीच सांभाळावी लागतात.

टप्पा १: प्रदेशाचा नियम एका वाक्यात लिहा

तुमचा प्रदेश नेमकं काय करतो? उत्तर साध्या वाक्यात द्या आणि त्यात ठोस क्रियापद हवं. ‘तिथे विचित्र घटना घडतात’ हा नियम झाला नाही. ‘तिथे काळ वेगळा चालतो’ हेही ढोबळच आहे. कुठे, किती आणि कुणासाठी वेगळा?

या लेखात समजावण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. समजा, बोरूच्या बेटांनी भरलेला एक पाणथळ प्रदेश आहे. त्याला नुसतं ‘पट्टा’ म्हणू. त्याचा नियम: अर्धवट राहिलेली गोष्ट पट्टा पूर्ण करतो. अर्धी विणलेली दोरी, अर्धी तोडलेली वाट, अर्धी भरलेली जखम, अर्धं सोडलेलं वाक्य, काहीही.

नियमाखाली लगेच आणखी दोन ओळी लिहा. पहिली मर्यादेची: पट्टा काय करू शकत नाही? आपल्या उदाहरणात, जे कधी सुरूच झालं नाही त्याला तो हात लावू शकत नाही. दुसरी किमतीची: पूर्ण करायला लागणारा माल येतो कुठून? आपण ठरवू की तो जवळच्या, त्यातल्या त्यात सारख्या वस्तूतून येतो. दोरी पूर्ण झाली तर कुणाच्या तरी बुटाची नाडी गेलेली असते.

मर्यादा नसेल तर पात्रांना सुटकेचा विचारच करता येत नाही. किंमत नसेल तर प्रदेश नुसता जादूगार वाटतो. या दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नियम शोधायचा कुठे? निसर्गात. पण वरवर पाहून नाही, एक थर खाली जाऊन. मुंग्यांना ताब्यात घेणाऱ्या बुरशीचंच बघा. ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची ही बुरशी लागलेली मुंगी वारूळ सोडते, जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटर उंचीवर चढते, पानाच्या खालच्या शिरेला जबडा रोवते आणि तिथेच मरते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं आणि त्यावर आजवर भरपूर लिहून झालं आहे. खालचा थर असा: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बुरशीच्या पेशी मुंगीच्या शरीरभर आढळल्या. त्यांनी स्नायूंच्या तंतूंभोवती जाळं विणलं होतं, मेंदूत मात्र त्या शिरलेल्या दिसल्या नाहीत. इथून नवा नियम निघू शकतो: ‘हा प्रदेश हातपाय चालवतो, मनाला शिवत नाही.’ आपण कुठे चाललो आहोत हे पात्राला पूर्ण कळतंय आणि थांबता येत नाहीये. मुंग्यांचा उल्लेखसुद्धा न करता यावर कादंबरी उभी राहील.

अशाच आणखी काही जागा आहेत. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या मालूर जंगलात आर्मिलेरिया बुरशीचा एकच जीव जमिनीखाली सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर पसरलेला आहे. वरून चालणाऱ्याला फक्त मरत चाललेली झाडं दिसतात. रोमानियातली मोविले गुहा १९८६ साली सापडली. लाखो वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेल्या त्या गुहेतली अन्नसाखळी सूर्यप्रकाशावर चालतच नाही. तिथले जिवाणू गंधकाच्या आणि मिथेनच्या रसायनांवर जगतात आणि बाकीचे जीव त्या जिवाणूंवर. अशा प्रत्येक गोष्टीतून फक्त क्रियापद उचला. पसरतो, जोडतो, उजेडावाचून जगतो. बाकी सगळं तुमचं.

*सावधान:* दोन नियम ठेवू नका. ‘इथे काळ मंदावतो आणि प्राणी बोलतात आणि आठवणी पुसल्या जातात’ असं झालं की तीन अर्ध्या कादंबऱ्या तयार होतात. दुसरा नियम फारच आवडला असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या पुस्तकासाठी.

*ताळा:* नियमाचे वीस परिणाम लिहून काढा आणि पहिले आठ खोडा. जे तुम्हाला पटकन सुचले ते वाचकालाही पटकन सुचणार आहेत. उरलेल्या बारांत कादंबरी आहे.

टप्पा २: बंदी कुणाची आणि कशासाठी

‘सरकारने प्रदेश बंद केला’ या एका वाक्यावर बरेच खर्डे ही पायरी उडी मारून ओलांडतात. बंदी ही यंत्रणा असते. तिला हद्द असते, चौकी असते, परवान्याचा कागद असतो आणि तिचं पाळण्यापुरतं एक कारण असतं. हे कारण खरं असू शकतं, अर्धं खरं असू शकतं किंवा कधीचंच कालबाह्य झालेलं असू शकतं.

खऱ्या बंद प्रदेशांकडे पाहिलं की बंदीचे किती प्रकार असतात ते कळतं. चेर्नोबिलभोवती १९८६ च्या अणुभट्टीच्या स्फोटानंतर ३० किलोमीटर त्रिज्येचा भाग रिकामा केला गेला. तिथे धोका दिसत नाही, मोजावाच लागतो. कोरियातला लष्करमुक्त पट्टा १९५३ च्या युद्धविरामातून आला. सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद. माणसांना बंद केला तो माणसांच्याच भीतीने, आणि दुर्मीळ क्रौंच पक्ष्यांना मात्र त्यामुळे आसरा मिळाला. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ साली अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूंचे प्रयोग झाले, आणि ते बेट सुरक्षित असल्याचं जाहीर व्हायला १९९० उजाडलं.

आणि आइसलंडजवळचं सर्टसी. हे बेट १९६३ साली समुद्रातल्या ज्वालामुखीतून वर आलं. तिथे शास्त्रज्ञांखेरीज कुणाला जाता येत नाही. ही बंदी माणसाला वाचवण्यासाठी नाही, बेटाला माणसापासून वाचवण्यासाठी आहे. तिथे एकदा टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. कुणा माणसाच्या विष्ठेतून बी पडलं होतं. ते उपटून टाकावं लागलं. तुमच्या कादंबरीत धोका कुणापासून कुणाला आहे, हा प्रश्न या नजरेने एकदा तरी उलटा करून पाहा.

आता वहीत तीन कारणं लिहा: लोकांना सांगितलेलं, अधिकाऱ्यांना ठाऊक असलेलं आणि खरं. आपल्या पट्ट्याबद्दल लोकांना सांगितलंय की पाणी विषारी आहे. अधिकाऱ्यांना ठाऊक आहे की आधीची मोहीम परतली नाही आणि तिची दैनंदिनी मधल्या वाक्यावर तुटली. खरं कारण म्हणजे नियम, आणि तो कुणालाच माहीत नाही.

*सावधान:* खलनायक अधिकारी आणि गुप्त कारस्थान यांचा मोह फार होतो. कारस्थान मोठं झालं की वाचकाचं लक्ष आतल्या अरण्यावरून बाहेरच्या कचेरीकडे जातं. बाहेरची माणसं अपुऱ्या माहितीवर काम करणारी राहू द्या. तेवढं पुरे भीतिदायक असतं.

टप्पा ३: नकाशा, पाणी आणि चाल

विपरीत गोष्ट पटायची असेल तर तिच्या आजूबाजूचा हिशेब चोख हवा. पाण्यापासून सुरुवात करा. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दिवसाला ढोबळमानाने तीन-चार लिटर पाणी लागतं. चार माणसं, दहा दिवस म्हणजे एकशे वीस ते एकशे साठ लिटर, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. हे पाठीवर नेता येत नाही. म्हणजे तुकडीला आतलं पाणी प्यावंच लागेल. पाणी विषारी असल्याची अधिकृत सूचना हातात असताना उकळून, गाळून, एकमेकांकडे बघत पहिला घोट कोण घेतो? एका आकडेमोडीतून अख्खं प्रकरण निघालं.

चालीचंही तसंच. मोकळ्या वाटेवर माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. दाट झाडोऱ्यात ओझ्यासह वाट काढताना एक किलोमीटरसुद्धा जड जातं. हे नकाशावर मांडा: पहिला मुक्काम कुठे, पाणी कुठे, मागे फिरायची शेवटची जागा कोणती. ही शेवटची जागा लाल शाईने दाखवा. कथेच्या मध्याच्या जरा अलीकडे तुकडीने ती ओलांडली पाहिजे, आणि ओलांडताना त्यांच्याकडे तसं करण्याचं शहाण्या माणसाला पटेल असं कारण हवं.

वाट चुकण्यासाठी जादू लागत नाही, हेही लक्षात ठेवा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं होतं. ज्यांना सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ चालले. ढगाळ दिवशी चालणारे गोल फिरू लागले आणि स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांतल्या बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही. अशा साध्या चुका तुमच्या पात्रांकडूनही होऊ द्या. वाचकाला ‘हा प्रदेशाचा खेळ की माणसाची चूक’ हे ठरवता येत नाही तेव्हाच तो बारकाईने वाचू लागतो.

टप्पा ४: आधी साधं अरण्य शिका

नेहमीचं काय असतं हे वाचकाला माहीत नसेल तर बिघडलेलं काय ते त्याला कसं कळणार? तुम्ही निवडलेल्या भूभागाचं साधं वागणं नीट जाणून घ्या. पाणथळ असेल तर पाण्याची पातळी दिवसभरात कशी बदलते, बोरूचं खोड कापल्यावर आत कसं दिसतं, रात्री कोणते आवाज कधी थांबतात. वाळवंट असेल तर वाळूवरचा माग किती वेळ टिकतो.

चेर्नोबिलच्या जंगलाबद्दलचं एक निरीक्षण मला या कामासाठी फार मोलाचं वाटतं. तिथल्या अधिक दूषित भागात पालापाचोळा कुजण्याचा वेग कमी असल्याचं संशोधकांना आढळलं. प्राण्याला दुसरं डोकं नाही, चमकणारी झाडं नाहीत. नुसती पानं, जी एव्हाना माती व्हायला हवी होती आणि झाली नाहीत. जंगलात पानं किती दिवसांत कुजतात हे ज्याला माहीत आहे त्याच्याच अंगावर काटा येईल. तुमचं काम वाचकाला आधी ते माहीत करून देण्याचं आहे, आणि तेही त्याला शिकवणी वाटू न देता.

*ताळा:* पहिल्या विपरीत घटनेच्या आधी त्याच गोष्टीचं नेहमीचं रूप दोनदा तरी पानावर आलंय का? दोरी रात्रीत पूर्ण होणार असेल, तर दोरी कशी विणतात आणि किती वेळ लागतो हे आधी येऊन गेलं पाहिजे.

टप्पा ५: आत जाणारी माणसं

एक सैनिक, एक शास्त्रज्ञ, एक डॉक्टर, एक बंडखोर अशी वाटणी करून तुकडी बनवू नका. प्रत्येकाला बघण्याची वेगळी सवय द्या. आपल्या पट्ट्यात चौघं जातील: पाणी तपासणारा रसायनतज्ज्ञ, डॉक्टर, पूर्वी याच सीमेवर पहारा केलेला वाटाड्या, आणि दप्तरदार. ही दप्तरदार बाई आधीच्या मोहिमेची कागदपत्रं वर्षानुवर्षं सांभाळत आली आहे. दैनंदिनीची प्रत तिला जवळजवळ पाठ आहे.

तिलाच निवेदक का करायचं? कारण पट्ट्याचा नियम कागदावर सगळ्यात आधी ओळखू शकेल अशी ती एकटी आहे. निवेदकाची निवड नियमावरून करा, आवडीवरून नाही. डॉक्टरला जखम दिसेल, वाटाड्याला वाट दिसेल. अर्धं वाक्य पूर्ण झालेलं फक्त तिच्या लक्षात येईल.

मग प्रत्येकाची एक न सांगितलेली गोष्ट ठरवा, आणि ती नियमाला जाऊन भिडेल अशी ठेवा. दप्तरदाराच्या पिशवीत धाकट्या भावाला लिहिलेलं एक पत्र आहे, अर्धं. वाटाड्याने आधीच्या मोहिमेतल्या एका माणसाला वाचवायला पाण्यात उडी घेतली होती आणि अर्ध्यातून परत फिरला होता. ‘अर्धवट राहिलेलं पूर्ण होतं’ हा नियम आता या दोघांसाठी किती वेगवेगळा झाला बघा. एकीला तो भुरळ घालेल, दुसऱ्याला झोपू देणार नाही.

*सावधान:* पात्रांना मूर्ख करू नका. प्रशिक्षित माणूस अनोळखी बुरशीला उघड्या हाताने शिवत नाही, रात्री एकटा आवाजामागे जात नाही. सगळी काळजी घेऊनही जे घडतं त्याचीच धास्ती बसते.

टप्पा ६: कथनाचा आकार

मोहिमेच्या कादंबरीला दैनंदिनीचा आकार सहज सुचतो आणि तो चांगलाही आहे. पण दोन प्रश्नांची उत्तरं वहीत आधी लिहा. हे कधी लिहिलं जातंय, त्याच रात्री की सगळं संपल्यावर? आणि वही बाहेर कशी आली?

त्याच रात्री लिहिलेल्या नोंदीत ‘पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती’ असं वाक्य येऊच शकत नाही. तरीही ते खर्ड्यांमध्ये सारखं सापडतं. पळापळीत, बुडताना, अंधारात पात्र लिहीत बसलेलं असतं हीदेखील नेहमीची चूक. नोंद लिहायला उजेड, बसायला जागा आणि थोडी शांतता लागते. ती कुठून मिळाली हे दिसू द्या.

शक्य असेल तर नियम कथनाच्या आकारातही उतरवा. पट्ट्यावरच्या कादंबरीत दप्तरदार प्रत्येक नोंदीखाली ‘नोंद पूर्ण’ असं लिहिते. सुरुवातीला ती कचेरीतली सवय वाटते. निम्म्या पुस्तकानंतर वाचकाला उमगतं की आता ती हे घाबरून लिहिते आहे. एकही वाक्य अर्धं राहता कामा नये. आणि मग एका नोंदीखाली ते दोन शब्द नसतात.

टप्पा ७: विपरीताची शिडी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घटनांचा क्रम ‘लहान ते मोठी’ असा लावला की वाचक लवकर सरावतो. क्रम लावायचा तो खुलासा किती महाग पडतो यावर. पहिल्या घटनेचा खुलासा फुकट मिळाला पाहिजे. शेवटच्या घटनेचा खुलासा मान्य करायला पात्राला स्वतःबद्दलची एखादी समजूत मोडावी लागली पाहिजे.

पट्ट्याची शिडी अशी लावता येईल.

1. अर्धी विणलेली दोरी सकाळी पूर्ण. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने विणली. त्याच सकाळी डॉक्टरच्या बुटाची नाडी सापडत नाही. या दोन गोष्टी कुणीही जोडत नाही.
2. काल जिथे थांबले तिथून बोरूतली वाट तीसेक पावलं पुढे कापलेली. वाटाड्या म्हणतो, जुनी असेल. कापलेली टोकं ओली आहेत हे रसायनतज्ज्ञ बघतो आणि गप्प बसतो. म्हणजे इथे खुलासा टिकवायला कुणालातरी गप्प बसावं लागलं.
3. मग एक पूर्ण साधा दिवस. पाणी, जेवण, थोडं हसणं. हा दिवस गाळू नका. त्याच्याशिवाय पुढची पायरी बोथट होते.
4. वाटाड्याचा तळहात कापतो. डॉक्टर टाके घालते, उजेड जातो, दोन टाके सकाळवर राहतात. सकाळी जखम मिटलेली असते आणि दोराही दिसत नाही. शेजारच्या दोन बोटांमधली फटही अर्ध्या पेरापर्यंत मिटलेली असते.
5. आधीच्या मोहिमेचा तळ सापडतो. तिथे मूळ दैनंदिनी आहे. प्रत जिथे तुटली होती तिथे मूळ वहीत वाक्य पूर्ण आहे, त्याच अक्षरात, त्याच शाईत. नंतर आणखी अकरा पानं आहेत.
6. दप्तरदाराचं पत्र पूर्ण झालेलं असतं. ते सुंदर आहे, तिला लिहायचं होतं तसंच. आणि तिला भावाचं नाव आठवत नाही. पत्राला लागलेले शब्द तिच्यातूनच गेले.

चौथ्या पायरीत काय केलंय ते नीट पाहा. मिटलेली जखम ही चांगली बातमी आहे. डॉक्टर आधी खूश होते. बोटांकडे तिचं लक्ष दोन ओळींनंतर जातं. फक्त घातक गोष्टी करणाऱ्या प्रदेशाला धोका म्हणतात आणि त्यातून पळता येतं. मदत करणाऱ्या, पण कुठे थांबायचं ते न कळणाऱ्या प्रदेशातून पळायचं की राहायचं यावर तुकडीत भांडण होतं. त्या भांडणासाठी पायरी चार आणि पाचच्या मध्ये निदान एक प्रकरण ठेवा.

*सावधान:* सगळ्या पायऱ्या डोळ्यांनी दिसणाऱ्या नकोत. एक कानाची ठेवा, एक स्पर्शाची, एक हिशेबाची. शिध्याची डबी मोजून कमी भरणं कधीकधी किंकाळीपेक्षा जास्त खोल जातं.

*ताळा:* शिडीतल्या कोणत्याही दोन पायऱ्या अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही तर त्यातली एक काढून टाका.

टप्पा ८: आता लिहा, आणि विशेषणं बाहेर ठेवा

पहिल्या खर्ड्यात बहुधा असं येतं:

> त्या भयाण पाणथळीत काहीतरी अनामिक, गूढ शक्ती वावरत होती. सकाळी दोरीकडे पाहताच माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे कसं शक्य होतं? कुणीतरी आमच्यावर पाळत ठेवून होतं!

तीच गोष्ट अशी लिहून बघा:

> साडेसहाला दोरी उचलली. काल तीन पेडांपैकी दोनच गुंफून झाले होते. उजेड गेला म्हणून तिसरा लोंबता ठेवला होता. आता तो गुंफलेला होता. शेवटची गाठ उलट्या हाताची होती, मी मारते तशी. डॉक्टरांना विचारलं. त्या नाही म्हणाल्या आणि पुन्हा बुटाची नाडी शोधायला लागल्या. नोंद पूर्ण.

दुसऱ्या उताऱ्यात भीतीचा एकही शब्द नाही. वेळ आहे, मोजता येणारी गोष्ट आहे, हाताची सवय आहे. गाठीच्या तपशिलाने ‘दुसऱ्याने विणली असेल’ या खुलाशाला हळूच तडा दिला आहे, आणि नाडीचा उल्लेख किमतीचं बी पेरून जातो. घाबरायचं काम वाचकावर सोपवलेलं आहे.

लिहिताना एवढं पाळा. विपरीत गोष्टीच्या वाक्यात विशेषण शक्यतो नको. आकडा, रंग, पोत किंवा दिशा द्या. उद्गारचिन्ह पूर्ण बंद. निवेदकाने स्वतःला विचारलेले प्रश्न प्रत्येक प्रकरणात एकापेक्षा जास्त नकोत. आणि स्वप्न कुठेही नको. जागेपणी जे घडतंय तेच खरं की खोटं हे कळत नसताना स्वप्न वाचकाला फुकटची सुटका देतं.

संवादातही तेच. दमलेली माणसं घडलेल्या गोष्टीबद्दल थेट बोलत नाहीत. ती नाडीबद्दल बोलतात, मीठ कुणी संपवलं याबद्दल बोलतात.

टप्पा ९: किती उलगडायचं

वहीत तीन स्तंभ आखा: मला माहीत, निवेदकाला माहीत, वाचकाला माहीत. प्रत्येक प्रकरणानंतर ते भरा. पहिला स्तंभ पहिल्या दिवसापासून भरलेला हवा. तिसरा नेहमी दुसऱ्याच्या जरासा पुढे असावा. नाडी आणि दोरी यांचा संबंध वाचकाला निवेदकाच्या एक प्रकरण आधी लागला तर उत्तमच, त्याला धोक्याची घंटा ऐकू येते आणि तिला येत नाही.

शेवटाला नियम कळला पाहिजे, उगम कळलाच पाहिजे असं नाही. पट्टा काय करतो, काय करू शकत नाही, काय घेतो: ही तीन उत्तरं वाचकाच्या हाती लागली तर तो ‘पट्टा कुठून आला’ हे विचारत बसत नाही, आणि विचारलं तरी ते न कळण्याची त्याला हुरहुर लागते, चीड येत नाही. नियमच दिला नाही तर मात्र त्याची फसवणूक होते. ‘सगळं अनिर्णित ठेवलंय’ असं म्हणून लेखकाने स्वतःच न ठरवलेली गोष्ट खपवू नये. वाचकाला हे लगेच कळतं.

शेवटची कृती मर्यादेतून काढा. पट्टा सुरू न झालेल्या गोष्टीला शिवत नाही. म्हणजे बाहेर पडायचं तर दप्तरदाराने परतीची वाट ‘सुरू’ न करता कशी चालायची? प्रत्येक पाऊल हा एक पूर्ण प्रवास धरून? आणि वाटाड्या, ज्याची उडी अर्धी राहिली आहे, तो पाण्याजवळून जाईल तेव्हा? इथे लेखकाला नवं काही शोधावं लागत नाही. सगळा माल पहिल्या आणि पाचव्या टप्प्यात ठेवलेलाच असतो.

*सावधान:* शेवटच्या दोन प्रकरणांत नवीन माणूस, नवं यंत्र किंवा नवा नियम आणू नका.

टप्पा १०: दुरुस्तीचा क्रम

खर्डा संपल्यावर भाषा सुधारायला बसू नका. आधी तक्ता घ्या आणि दिवस, अंतर, पाणी, शिधा, चंद्राची कला एवढंच तपासा. पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी काळोखी अमावस्या आलेली असते, हे इथे सापडतं. मग प्रत्येक विपरीत घटना नियमाशी लावून बघा. जी बसत नाही ती काढा, कितीही आवडती असली तरी. त्यानंतर फक्त किंमत तपासा: दर वेळी काही पूर्ण झालं तेव्हा कुठेतरी काही कमी झालंय का, आणि ते पानावर आहे का? भाषेची दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

मग हस्तलिखित दोन वाचकांना द्या. ‘आवडलं का’ विचारू नका. पहिल्याला सांगा, जिथे पहिल्यांदा शंका आली तिथे पेन्सिलीने रेघ मार. दुसऱ्याला वाचून झाल्यावर प्रदेशाचा नियम एका वाक्यात लिहायला सांगा. पहिल्याची रेघ शिडीच्या दुसऱ्या पायरीच्या फार पुढे असेल तर सुरुवातीची पेरणी कमी पडली आहे, आणि पहिल्या पायरीच्याही आधी असेल तर ती फार ढळढळीत झाली आहे. दुसऱ्याचं वाक्य तुमच्या वहीतल्या वाक्याशी ताडून पाहा. शब्द वेगळे असले तरी क्रियापद तेच हवं. ते नसेल तर सातव्या टप्प्यावर परत जा.